धूर ज्याच्या डोळ्यात, तो आरोपी

"हाजीर हो! किसन लाइनमन, हाजीर हो!"

आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, बेंबीच्या देठापासून पुकारलं, किसन. शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून बघू लागल्या. बाभळीवरचे होले उडाले. हुरड्याच्या आगटीजवळ बसलेल्या तुझ्या बायकोनं, वहिनींनी, तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की आणखी काही, ते मी पाहिलं नाही. तिकडे पाहायचं नाही असं ठरवूनच घरून निघालो होतो.

तू आला नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गैरहजर राहिलास, आणि कारण असं दिलंस की वॉरंट काढायची सोय नाही.

काल साल संपलं. आज सकाळी अंगणात उन्हाला बसून हे लिहितोय. तुला सगळं ठाऊक आहे, तरी तुझीच गोष्ट तुला सांगतो. तुला त्याची सवय आहे. चौकात माझी गोष्ट रंगली की तू मागे सायकलीला टेकून उभा राहायचास, एकदाही हसायचा नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचास, "काल तू राजाला दोन बायका दिल्या. मागच्या पोळ्याला एकच व्हती." आता चुका काढायला कोणी नाही, म्हणून मीच जपून सांगतो.

तू तेव्हा जिनिंगवर कापसाच्या गठाणी उचलत होतास. मी मॅट्रिक होऊन बसलो होतो आणि बाजारच्या दिवशी आलेल्या एका नाटक कंपनीबरोबर पळून जायचं मनात धरून होतो. जिनिंगच्या मालकानं नव्या सालाचं कॅलेंडर दिलं होतं, ते काखेत मारून तू आमच्या शेतात आलास. हुरड्याचे दिवस होते.

"साल बदलून राहिलं, दिग्या. काय करणार?"

"राजाचं काम करणार," मी कणीस उगारून म्हणालो.

"कोन्त्या राजाचं?"

"कंपनी देईल त्या."

"कंपनी तुला भालदार करीन. अन् पडदा पडला का भांडे घासायला लावीन." तू कणीस चोळून दाणे तोंडात टाकलेस. "मास्तरकीच्या ट्रेनिंगला जाय. रोज तुझ्यापुढं चाळीस लेकरं मांडी घालून बसतीन. पळून जातो म्हणलं तरी जाऊ शकणार न्हाईत. असे लोक तुला कोन्ती कंपनी देईन?"

मी चिडलो. माझ्या जन्माचं तू काहून ठरवतोस, म्हणालो. तू शांतपणे म्हणालास, "मंग माझं तू ठरव."

मी बदला म्हणून ठरवलं. म्हटलं, विजेचं खातं माणसं घेतंय, तू माकडासारखा झाडावर चढतोस, जाऊन खांबावर चढ. खरं तर तुझी फजिती व्हावी एवढाच माझा हेतू होता. तू गेलास आणि घेतलंही त्यांनी. मग तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून मला ट्रेनिंगला जावं लागलं.

आपल्या दोघांची अख्खी जिंदगी अशी भांडणातून ठरली, किसन. लोक यशाचे मार्ग सांगतात, त्यात हा मार्ग मी कुठे ऐकला नाही.

पुढच्या साली तूच कायदा काढलास. आपला नेम आपण धरायचा नाही, दुसऱ्यानं धरून द्यायचा. "आपण धरला का मानूस जवळचंच झाड पाहतो," असं तुझं म्हणणं. आणि पाडव्याला नाही, हुरड्यातच, कारण दाणा दुधात असतो तेव्हाच त्याला काही करता येतं. वाळला की त्याची भाकरीच होते. कायदा तुझा आणि तमाशा माझा. मी त्याला कोर्टातल्यासारखं पेशी असं नाव दिलं. डोक्याला टॉवेल बांधेल तो मुन्सफ. आगटी पेटवली की धूर ज्याच्या डोळ्यात जाईल तो पहिला आरोपी. त्यानं उभं राहायचं, गेल्या सालचा फैसला पाळला की नाही याचा जबाब द्यायचा, मग पुढच्या सालचा फैसला ऐकायचा. फैसला पसंत नसेल तर अपील. अपील मंजूर झालं तर एक वर्षाची मुदत, त्यावर एक दिवसही नाही.

पेशी शेतातच का भरायची, हे आपण कधी बोललो नाही. माझ्या आईच्या चुलीपर्यंत तुला येता येत नव्हतं आणि तू ओट्यावर बसून खायला तयार नव्हतास. "रानाला कुठं उंबरा असतो?" एवढंच तू म्हणाला होतास. बरीच वर्षं गेल्यावर एका हुरड्याला आईनं लसणाची चटणी दोन पुड्यांत न बांधता एकाच पुड्यात बांधून दिली. ती सोडताना तुझा हात थांबला. "चटनी जास्त झाली," म्हणालास आणि नाक ओढलंस. मी म्हणालो, तिखट आहे. मुन्सफानं ते मान्य केलं.

दुष्काळाच्या साली कणसंच नव्हती, तर सरकारनं वाटलेल्या सुकडीची मूठ मधे ठेवून पेशी भरवली. धूर नव्हता म्हणून आरोपी ठरेना. शेवटी दोघंही उभे राहिलो. त्या साली तू मला एवढंच सुनावलंस, "एक बी लेकरू शाळेतून गळू देऊ नको." आणि मी तुला म्हणालो, "जिता राहा." दोघांनीही पाळलं. आता वाटतं, तोच फैसला मी दरसाल द्यायला हवा होता.

पण मला सांगायचंय ते साखऱ्याचं.

तुझी बदली सेनगावकडे झाली होती. साखऱ्याच्या पल्याडच्या एका वस्तीवर तू तार ओढत नेलीस. तिथे शाळा म्हणून एक खोली नुकतीच उभी राहिली होती, मास्तर अजून मिळाला नव्हता. पहिला दिवा त्या खोलीत लावायचा असं तू ठरवलंस आणि मला निरोप धाडलास, "ये. लोकायला गोष्ट सांगायला मानूस पायजे." मी एस. टी. बदलत, मग बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत पोचलो. दिवस मावळतीला गेला होता. अख्खी वस्ती खोलीसमोर बसलेली, म्हाताऱ्या नवी लुगडी नेसून आलेल्या, आणि तू खांबावर.

कुठे काय अडलं होतं देव जाणे. बटन दाबलं तर दिवा लागेना. तू वरून खूण केलीस, सुरू कर. मी राक्षसाची गोष्ट सुरू केली. राक्षस आला, राजकन्येला उचललं, राजपुत्र निघाला. दिवा नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू वरून ओरडलास, "लांबव, दिग्या, लांबव!"

मी लांबवली. राजपुत्राला सात नद्या ओलांडायला लावल्या. वाटेत एक म्हातारी घातली, तिला एक बोलणारी बकरी दिली, बकरीचं लग्न लावलं. लोक हसून लोळत होते आणि मला घाम फुटला होता. बकरीची सासू काढावी की काय या विचारात होतो. शेवटी राजपुत्रानं तलवार उपसली, राक्षसाच्या मानेवर धरली, सगळ्यांचे श्वास थांबले, आणि तू वरून ओरडलास, "झालं!"

दिवा लागला. एकजात सगळी डोकी खोलीकडे वळली. माझा राजपुत्र तलवार धरून तसाच उभा राहिला. राक्षस मेला की नाही हे त्या वस्तीत आजही कोणाला माहीत नाही.

तू खाली उतरलास. खांबावर खरचटून हात लाल झाले होते. एवढी वर्षं मी तुझ्या चेहऱ्यावर हसू शोधत होतो, ते त्या दिवशी दिसलं. माझ्या गोष्टीला नव्हे, पिवळ्या उजेडात एकमेकांकडे पाहणाऱ्या लेकरांना. मला हेवा वाटला, किसन. हे तुला कधी सांगितलं नाही.

पुढे तू परत आपल्या बाळापूरला आलास. गेल्या साली, म्हणजे मागच्या हुरड्याला, धूर माझ्या डोळ्यात गेला. तू टॉवेल बांधलास आणि म्हणालास, "आरोपीनं साखऱ्याच्या वस्तीवर जावं. जागा अजून रिकामी हाय. मी दिवा लावून आलो, खाली मास्तर न्हाई."

"तिथं मला ऐकणार कोण?"

"लेकरं."

"बाळापूरच्या चौकात चारशे माणूस बसतं माझ्यापुढं!"

"म्हनूनच. टाळी वाजली का तू खूश. लेकरं टाळ्या वाजवत न्हाईत, ते पुढं काय झालं इचारतेत. त्याची तुला तकलीफ व्हती."

असं लागलं मला ते! मी अपील केलं. आईचे गुडघे, बायकोचा दमा, माझी पाठ, सगळे साक्षीदार उभे केले. तू ऐकून घेतलंस, कणसावरचा फोल फुंकलास. "मुदत एक साल. बस."

मग माझी पाळी. मी टॉवेल बांधला आणि तुला सुनावलं, "आरोपीनं खांबावरून खाली यावं. वय झालं. मुकादम होऊन पोरं शिकवावी." तुझा चेहरा पडला. "खाली उभं राहून वर बोट दाखवायचं काम मला जमत न्हाई रे." पण अपील केलं नाहीस. तू कधीच अपील केलं नाहीस.

गेल्या महिन्यात वारंगा फाट्यावर ट्रकांच्या धुरळ्यात आपण चहाला बसलो तेव्हा तू बशी खाली ठेवून म्हणालास, "मुकादमीचा हुकूम आला." तेही अगदी सहज, जसं काही मीठ महाग झालं. मी तुला मिठी मारली, तुझा अर्धा चहा सांडला. तू मला ढकलून म्हणालास, "माझं झालं बराबर. तुझं काय? हुरडा आला. यंदा पेशीत तू मेलास बघ, दिग्या."

"मी जात नाही साखऱ्याला."

"काहून?"

"माझी मर्जी."

"मर्जी न्हाई. काहून ते सांग."

मी गाडीची वाट पाहू लागलो. तू दोनदा विचारलंस. मग हिंगोलीची गाडी आली, मी चढलो, आणि खिडकीतून तुला म्हणालो, "पेशीत सांगीन." तू हात हलवलास. ते भांडण तिथेच, फाट्यावर, सांडलेल्या चहाच्या डबक्यात राहिलं.

मग काविळीनं तुला धरलं. मी भेटायला आलो तर तू खाटेवर, अंगावर घोंगडी, डोळे हळदीसारखे. मला पाहून म्हणालास, "माझ्या डोळ्यात बलप लागले बघ. मीटर न्हाई, फुकट." मी हसलो. इतका मोठ्यानं हसलो की वहिनी आतून बाहेर आल्या. जायला उठलो तेव्हा तू मनगट धरलंस. हाताला जोर नव्हता. "पेशीला येतो. मुदत वाढवून मिळनार न्हाई."

मी म्हणालो, "आराम कर."

त्या खाटेपाशी सांगायचं होतं. तुला फाट्यावर हवं होतं ते कारण जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं आजारी माणसाला असलं काही सांगितलं तर तो समजतो की आपण जाणार. मी थट्टा करून उठलो. चार दिवसांनी तुझा पुतण्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्यानं काही बोलायच्या आधीच मी हातातला खडू ठेवला.

आयुष्यभर खांबावर चढलास आणि गेलास खाटेवरून. एवढी वाईट गोष्ट मी कधी रचली नसती. रचली असती तर तूच चूक काढली असतीस.

तुझ्या घरी बुद्धवंदना झाली. मेणबत्त्यांच्या उजेडात लोक बसले होते. कोणी म्हणालं, गुरुजी, तुम्ही बोला, तुम्हाला बोलता येतं. मी उभा राहिलो. पहिल्यांदाच माझ्याकडे गोष्ट नव्हती. "किसन..." एवढं म्हणालो आणि बसलो. सायकलीला टेकून मागे कोणी उभं नसलं की मला बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग काल. मला वाटलं होतं, जाऊच नये. पण सकाळी वहिनीच दारात आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत गोवऱ्या.

"चला, गुरुजी. हुरडा निबर व्हऊन राहिला."

"वहिनी, आता कशाला?"

"मला काय इचारता? त्यायनं सांगून ठेवलं व्हतं. मी असो का नसो, ईस्तव पेटला पायजे."

आई दारात उभी होती. तिनं लसणाची चटणी दिली. पुडा एकच होता आणि चटणी तेवढीच, दोघांपुरती. मी तो टॉवेलात बांधला.

वहिनींनी खड्डा सारखा केला, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. मी माझ्या जागी बसलो, तुझी जागा समोर रिकामी. वारा आपल्या मर्जीचा. मी वाट पाहत होतो की धूर माझ्या तोंडावर यावा. खरं सांगू, मला तो हवा होता. डोळ्यांतून पाणी आलं तर निदान सांगता आलं असतं धुरानं आलं म्हणून.

धूर तिकडे गेला. सरळ तुझ्या जागेवर, जसा काही तू बसलायस आणि तुलाच शोधतोय.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. कायदा म्हणजे कायदा. मी टॉवेल बांधला, धुऱ्यावर चढलो आणि पुकारलं. तुझा जबाब तुझ्यातर्फे मीच दिला. आरोपीला गेल्या साली फर्मावलं होतं की खांबावरून खाली यावं, मुकादम व्हावं. आरोपीनं अपील न करता, कुरकूर न करता हुकूम आणून दाखवला. बाळापूर ते साखरा, आरोपीनं तार ओढली नाही अशी वाट नाही. सबब ही अदालत आरोपी किसन याला...

इथे मी सुटत आलेला टॉवेल पुन्हा घट्ट बांधला. होले परत बाभळीवर येऊन बसले होते, त्यांनी तेवढं ऐकलं.

"बाइज्जत बरी, निर्दोष सोडते," मी म्हणालो.

पुढच्या सालचा तुझ्यासाठीचा फैसला मी ठरवून ठेवला होता. एक दिवस, फक्त एकदा, माझ्या गोष्टीला सगळ्यांसमोर हसायचं. एवढाच. तो मी पुकारला नाही. मनातच ठेवला.

मग मी खाली येऊन माझ्या जागी उभा राहिलो. आरोपी हजर, मुन्सफ नाही. कायद्यानं माझी सुटका होती, किसन. मुन्सफच राहिला नाही तर मुदत कसली आणि फैसला कसला? पळवाटा काढण्यात मी उस्ताद आहे हे तू जाणतोस. मी तीच पळवाट बोलून दाखवायला तोंड उघडलं.

वहिनी विस्तवातलं कणीस उलटत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "गुरुजी, त्यायची मुदत सरली. तुमची बी सरली."

त्यांनी कणीस चोळलं, फुंकर मारली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. गरम होते. मी ते धरून उभा राहिलो आणि तुझ्या जागेकडे पाहून, तू फाट्यावर दोनदा विचारलेलं ते सांगितलं.

टाळ्यांसाठी नव्हे रे. टाळ्या मी कोंबड्यांकडूनही घेईन. रोज शाळा सुटल्यावर बाळापुरात रस्त्याकडेच्या हॉटेलच्या बाकड्यावर आपण बसत होतो. तू चिखलाचे बूट काढायचास, मी आज वर्गात काय झालं ते वाढवून सांगायचो, तू वाढवलेलं छाटून टाकायचास. साखऱ्याला गेलो असतो तर ते बाकडं गेलं असतं. चाळीस लेकरांसाठी मी तुला सोडायला तयार नव्हतो. एवढंच कारण होतं. दुसरं एकही नाही. आईचे गुडघे ठणठणीत आहेत.

हे तुला खाटेपाशी सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? बहुतेक म्हणाला असतास, "एवढ्यासाठी? रविवारी गाडी येती की." आणि मला हरवलं असतंस. पण समोरासमोर हरवलं असतंस. आता बाकड्यावर मी एकटाच बसतो, चहा थंड होतो, वाढवून सांगितलेलं कोणी छाटत नाही, आणि बाळापुरात थांबायला मला कारण उरलेलं नाही. असा जिंकतात का कुठे खटला, किसन? असं कोणी जिंकतं का?

मी दाणे खाल्ले. वहिनींनी विचारलं, "काय ठरलं?" मी म्हणालो, "जातो." त्यांनी मान हलवली आणि तुझ्या जागेवर दुसरं कणीस ठेवलं. चटणीचा पुडा मधे होता. दोघांनी खाल्ली, तरी थोडी उरली.

उद्या परभणीच्या शिक्षण कचेरीला साखऱ्याच्या बदलीचा होकार कळवतो. बायकोनं ट्रंक काढायला घेतली आहे, दम्याचं नावही काढत नाही. आई म्हणते, तिथे दिवा आहे ना? म्हटलं, आहे, किसननं लावलाय. ती म्हणाली, मग जा.

पहिल्या दिवशी मी खोलीत जाऊन बटन दाबीन. उन्हातही दाबीन. लेकरं वर पाहतील, आणि त्यांच्यातलं एखादं धीट पोरगं विचारेल, गुरुजी, हा दिवा कोनं लावला? मग मी मांडी घालून बसेन आणि सुरू करेन. तू म्हणायचास माझ्या गोष्टी लांबतात. ही लांबणारच आहे. हिच्यात सात नद्या घालीन, बोलणारी बकरी घालीन, फाट्यावरचा चहा घालीन. फक्त ती संपवायची कशी, ते मला माहीत नाही. त्या दिवशी वरून "झालं!" म्हणायला खांबावर तू होतास.